मधलं बोट आणि करंगळी सोडून

चिकटपट्टी संपली, येताना आणते. शेजारच्या काकूंना कानात घालायला कापूस दिलाय. गादीखाली आइस्क्रीमच्या दोन काड्या सापडल्या तर फेकू नकोस, माझ्या आहेत. तुझ्या गिटारची सगळ्यात बारीक तार माझ्या हातून तुटली.

आईवर रागावू नकोस, ठमे. तू हाताच्या व्यायामाला गेलीस की तुमच्या बँडचा ड्रमवाला येऊन मला शिकवतो. मीच त्याला बोलावलं. डाव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळी वाकत नाही म्हणून तू गिटार पलंगाखाली ढकललीस, ते मला बघवेना. मग मी माझ्याही त्याच दोन बोटांना काड्या बांधल्या आणि उरलेल्यांनी काय जमतं ते बघायला बसले.

"काकू, आमच्या पंक गाण्यांना दोन बोटं पुरतात," तो मला म्हणाला. "बाकी सगळा आरडाओरडा."

खरंच पुरतात, गं! अंगठ्याजवळचं बोट एका घरात, अंगठीचं दोन घरं पुढे, आणि तसाच हात वरखाली सरकवायचा. प्रेमभंगाचं ते तुझं लाडकं इमो रडगाणं मी काड्यांसकट शेवटपर्यंत वाजवलं. ओरडणं मात्र मला झेपत नाही, ते तुझं काम.

मी शिलाईच्या कारखान्यात चाललेय. गिटार पलंगावर ठेवलीय. ड्रमवाला संध्याकाळी येईल, या वेळी तुझ्यासाठी. दार उघड.

तुझ्या अपघाताच्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला होता, की गिटारला किती बोटं लागतात. त्यांना माहीत नव्हतं.