तिसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, लक्ष्मण रामजी शेडगे, वय एकोणपन्नास, मूळ गाव वेल्हे तालुक्यात, हल्ली राहणार कोबे, जपान, एका व्यापारी कंपनीत निर्यातीची कागदपत्रे पाहणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, देवासमोर बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. काळजी नाहीच. राग आहे, आणि तो पोटात घेऊन मला टेबलावर झोपायचे नाही.

१. कोबेचे राहते घर व त्यातले सारे सामान पत्नी दिपाली हिचे. खंडोबाचा टाक तिने जवळच ठेवावा. रोज पूजा जमली नाही तर नुसता दिवा लावावा. देव समजून घेतो.

२. गावचे घर आणि शेत धाकटा भाऊ विनय याला. बांधावरून आमच्यात आठ वर्षे बोलणे नाही. ते भांडण मी इथे मिटवतो. बांध त्यानेच कोरला होता.

३. बचतीतून सर्वांत आधी मोरिमोतो-सान यांच्या शेताला विजेचे कुंपण घालावे. उरेल ते दिपाली आणि मुलगी जुई यांचे.

मोरिमोतो-सान, म्हणजे आपल्या बोलीत मोरिमोतोबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोंगराच्या पायथ्याशी एकट्याने काळे सोयाबीन पिकवतात. त्यांच्या रानातली डुकरे आणि कावळे मारायची रीतसर परवानगी सहा वर्षे माझ्याकडे आहे. मारलेल्या प्रत्येक जनावरापुढे त्या हात जोडतात. माझे वडील, आबा, तेही जोडत. म्हणून आमचे जमले.

४. बंदूक. या देशात ती वारशाने कोणाला देता येत नाही, दुसऱ्याच्या हातात तर क्षणभरही नाही. हे मला पाठ होते. तरी पाच ऑक्टोबरच्या रविवारी काय झाले ते लिहून ठेवतो.

प्रसन्न दारवटकर माझा शाळेपासूनचा मित्र. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका तरटावर बसलो, एका माळ्यावरून ज्वारीची पाखरे राखली. आता तो बँकेच्या पोस्टिंगवर तोक्योला, ओजिमात राहतो. तो आणि ऑफिसातला अनुप माझ्याबरोबर रानात आले होते. दिवस छान होता. सकाळी मी दोन कावळे पाडले. मग बांधावर बसून दिपालीच्या दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली. प्रसन्न म्हणाला, "लक्ष्या, इथल्या डुकराला 'हाड' म्हटलेलं कळतं का रे?" अनुप म्हणाला, "हाड-सान म्हणा, मग जाईल." पोट दुखेपर्यंत हसलो.

मोरिमोतो-साननी घरामागून झाडाची पर्सिमॉन, ती टोमॅटोसारखी केशरी फळे, न्यायला हाक मारली. मी उठलो. बंदूक बांधावर राहिली. गोळी काढलेली नव्हती. ही चूक माझी, संपूर्ण माझी.

दहा पावले गेलो नसेन, तोच मागे बार झाला. सोयाबीनच्या ओळींतून एक डुकरीण मागचा पाय ओढत बांबूच्या बेटात शिरली. प्रसन्नच्या हातात बंदूक होती.

"लागली! पाहिलंस? लागली ना?"

मी म्हणालो, "आता तिच्यामागे जावं लागेल."

"मरेल कुठेतरी. शिन्कान्सेन गाडी सुटेल, लक्ष्या. आणि कुणाला कळलं तर माझं पोस्टिंग जाईल रे."

आबांचा नियम होता, जखमी जनावर रानात सोडून घरी जेवायचे नाही. मी त्या दोघांना स्टेशनवर पोहोचवले आणि घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या डुकरिणीने मोरिमोतो-सानना बांधावर आडवे पाडले. मांडीचे हाड मोडले. इस्पितळात मी त्यांना सांगितले, गोळी माझी होती, नेम चुकला. त्या पडल्या पडल्या मान लववून म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्हीच सांभाळलंत, शेडगे-सान. एखादी चुकते." त्या क्षमेने मला जाळले आहे. ती खोट्यावर घेतलेली आहे.

आणि दिवाळीच्या कार्यक्रमात, ओजिमाच्या हॉलमध्ये, प्रसन्न फराळाची बशी हातात घेऊन चार जणांना सांगत होता, "आपण एका बारात डुक्कर लोळवलं!" लोक टाळ्या देत होते. मला पाहून त्याने डोळा मारला.

त्रेचाळीस वर्षांची मैत्री आहे म्हणून मी तिथे त्याच्या मुस्कटात मारली नाही. मारायला हवी होती.

५. आबांची गोफण. अंबाडीची, त्यांनी स्वतः वळलेली. ती प्रसन्नला द्यायचे मी फार पूर्वी ठरवले होते. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला. आता नाही. ती जुईची. जुई, तू जपानीत विचारलेस, ही दोरी कशाला. रविवारी मोरिमोतो-सानच्या शेतावर जा आणि कावळे उडव. दगड कावळ्याच्या बाजूने जावा, अंगावर नको.

६. प्रसन्नला या मृत्युपत्रातून एक जागा मिळेल, साक्षीदाराची. कायद्याला दोन पुरतात, ते आहेत. तिसरी जागा त्याच्यासाठी. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. याने कलम चार मोठ्याने वाचावे आणि मग सही करावी. मला त्याच्याकडून एवढेच हवे आहे.

सहीपूर्वी वाढवलेला मजकूर:

आज प्रसन्न आला. अर्धे कलम वाचले, पेन खाली ठेवले. म्हणाला, "लक्ष्या, मैत्रीत हे असं लिहितात का?" मी म्हणालो, "मैत्रीत नाही, मृत्युपत्रात लिहितात." तो चहा न घेता गेला.

तेव्हा मी त्याची वाट पाहणार नाही. उद्या सोमवारी आधी, मोरिमोतो-सान अजून आहेत त्या इस्पितळात जाऊन त्यांना खरे सांगेन. तिथून पोलीस ठाण्यात बंदूक आणि परवाना जमा करीन. बांधावर भरलेली बंदूक कोणी ठेवली आणि बार कोणी काढला, दोन्ही सांगेन. अनुप बरोबर येतो म्हणाला आहे. गुरुवारी मी टेबलावरून उठलो, तर होईल ती शिक्षा भोगेन. त्या म्हाताऱ्या बाईला क्षमा परत घ्यायची असेल, तर तिने तीही घ्यावी. तिची आहे.

वरील सर्व माझ्या मर्जीने लिहिले, वाचले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

लक्ष्मण रामजी शेडगे
कोबे, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार
१. अनुप सबनीस (सही). त्या दिवशी मी तिथे होतो.
२. ईश्वरी पेंढारकर, शेजारी (सही)
३. प्रसन्न दारवटकर — जागा कोरी. कोणीही भरू नये.