किन्हवलीचा धवला म्हशाच्या मांडवात

५ एप्रिल २००९
आज निश्चय. मेहुणी रंजिता हिची हळद २६ तारखेला, म्हशाला, माझ्या सासरवाडीत. तिचा हट्ट : ताईच्या (म्हणजे शीतलच्या) हळदीत गावच्या बाईजाआजीने म्हटला तोच धवला मला हवा. बाईजाआजी शिमग्यात वारली. तिचं ते हळदीचं गाणं आता फक्त किन्हवलीत, आमच्या घरी, माझ्या कॉम्प्युटरमध्ये, आमच्या लग्नाच्या व्हिडिओत. सासऱ्यांनी, पंढरीमामांनी, फोनवर विचारलं, जावईबापू, जमंल ना? म्हटलं, मामा, निर्धास्त राहा.
शीतल म्हणाली, सीडी करा आणि पिशवीत टाका. बायकोला दूरदृष्टी नाही. ब्रॉडबँड घेतलाय कशाला? गाणं घरीच राहणार, म्हशात नेटवरून नुसतं वाजणार.

११ एप्रिल
मुरबाडच्या सायबर कॅफेतून पहिली टेस्ट. नेटवर घरचा कॉम्प्युटर सापडेना. संध्याकाळी कळलं, आईने बंद करून वर टॉवेल घातला होता. म्हणाली, तापला व्हता रे, घरघरत व्हता.
बटणावर चिकटपट्टी लावली.

१८ एप्रिल
यश! शीतलचा अर्धा चेहरा आला. तिथेच थांबला, पण हळदीचा रंग अगदी अचूक. आवाजाचं कळलं नाही, कारण कॅफेत स्पीकर नाहीत. म्हणजे आला असणार.

२२ एप्रिल
शीतल पुन्हा सीडीवर घसरली. मी नियोजनाला लागलो.
त्या दिवशी कॉम्प्युटरजवळ माणूस हवा. आईलाच थांबवावं लागेल. तिने हळदीसाठी लुगडं काढून ठेवलं होतं. समजावलं, तू लग्नालाच ये, हळदीत काय एवढं? बरं म्हणाली आणि लुगडं परत ट्रंकेत ठेवलं. जरा वाईट वाटलं. पण मोठ्या कामात कुणीतरी त्याग करावाच लागतो.
नेट दगा देणार नाहीच. दिलाच तर मी लँडलाइनवर फोन करायचा, आईने बटण दाबून रिसीव्हर स्पीकरला लावायचा. सराव घेतला. लाइटची चिंता नाही, हळद रविवारी आहे आणि रविवारी भारनियमन नसतं.

२६ एप्रिल, दुपार
म्हसा. लॅपटॉप चुलत मेहुण्याचा, कान्हाचा, नेटचं कार्ड त्याच्या साहेबाचं. मांडवात सर्वांना तंत्रज्ञान समजावलं. मग पडद्यावर लोडिंगचा गोल फिरू लागला, तो फिरतोच आहे. रेंजसाठी आंब्यावरही चढलो.
हळद वाटून तयार, रंजिता पाटावर, बायका खोळंबलेल्या. रंजिताचे डोळे भरलेत. मामा माझ्याकडे बघत नाहीत. शीतल बघतेय, ते जास्त वाईट.
आता घरी फोन करतो.

२६ एप्रिल, संध्याकाळ
दणदणीत यश!! आई म्हणाली, पोर पाटावर बसली काय? बरं, थांब. मी मोबाइल माइकला लावला. धवला कुठेही न अडकता शेवटपर्यंत! मूळ रेकॉर्डिंगमधली जनरेटरची घरघरसुद्धा लाइनने आपोआप गाळली. रंजिता रडली, बायकांनी सूर धरला. मी क्लॅरिटीचं कारण ज्याला त्याला सांगत होतो. सगळे गालात हसत होते, कौतुकानेच.
सासूबाईंनी आईसाठी नवं लुगडं दिलं. म्हणाल्या, विहीणबाईंना सांगा, रडवलंत आमाला. कॉम्प्युटर नीट सांभाळल्याबद्दल असावं.

२७ एप्रिल
आईला लुगडं दिलं. विचारलं, बटण लगेच सापडलं ना?
म्हणाली, कसला बटन? लाइट सकालपासनं नव्हती. पोरीला किती ताटकळत ठेवायची? मंग मीच म्हटला.
फोन चालू म्हणजे सगळं चालू, असं मी धरून चाललो होतो.
शीतलला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, पहिल्याच ओळीला. रंजितालाही. मामांनाही. आचाऱ्यालाही.
जन्मल्यापासून रोज ऐकतोय तो आवाज. अख्ख्या मांडवात तो ज्याला ओळखू आला नाही असा मी एकटाच.