मांजऱ्याला पाणी लागलं

मामंजी, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होतात त्याहून आज मी म्हातारी आहे, म्हणून थोडं धिटाईनं लिहिते. लग्न होऊन नेवाशाला आले तेव्हा सासरे नगरच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेत, एवढंच मला माहीत होतं. फडताळापासून देवघरापर्यंत घरभर दगड असतील हे कुणी सांगितलं नव्हतं. आठवड्याच्या आतच मी त्यातल्या एका पांढऱ्या चकचकीत दगडानं खडेमीठ फोडत बसले होते. तुम्ही दारातून ओरडलात, "सूनबाई, तो आधी खाली ठेव!" मी इतकी दचकले की मीठ चुलीपर्यंत सांडलं. दुपारी मात्र तुम्ही स्वतः तो दगड धुऊन आणलात, माझ्या हातात भिंग दिलंत आणि म्हणालात, "आता बघ, कशानं मीठ फोडत होतीस ते." आत बारीक सुयांचा पंखा उघडावा तसं काही चमकत होतं. ते भिंग तुम्ही परत मागितलं नाहीत.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळेना. म्हणून तुमचं पहिलं व्याख्यान बाजाराच्या दिवशी भर दुपारी धर्मशाळेत ठेवलं. विषय होता आपल्या पायाखालची जमीन. तुम्ही 'अग्निजन्य' म्हणालात, 'स्तररचना' म्हणालात, आणि लोक एकेक करून पिशव्या उचलून निघून गेले. उरलेल्यांतले दोघं झोपले होते. बाहेर कुणीतरी "दगडमास्तर" म्हणून हसलं, ते तुम्हीही ऐकलंत. घरी येऊन तुम्ही नकाशे माळ्यावर टाकलेत आणि जेवायला बसलात ते मान खाली घालून. मी धिरडी करत होते. भीत भीत म्हणाले, "मामंजी, सगळं खरं होतं, पण शब्द फार जड होते." "मग तू हलके सांग," तुम्ही चिडून म्हणालात. मी तव्यावरचं धिरडं दाखवलं. वाफ निसटते, वर जाळी पडते, अंग मात्र घट्ट राहतं. तुमच्या त्या तापलेल्या रसाचंही असंच झालं असेल ना? एकावर एक धिरडी रचावीत तशी? तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि किती वेळ त्या जाळीकडेच बघत राहिलात. मग हसलात. त्या घरात तुम्हाला मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचे कितीतरी दिवस आपण प्रवरेच्या काठानं हिंडलो. नदीनं कापलेल्या दरडीत तुम्ही काठीनं थर दाखवायचात, मी ते वहीत काढायचे. सासूबाईंनी कुरकुरत का होईना, लोणच्याच्या काचेच्या बरण्या रिकाम्या करून दिल्या, आणि आपण त्यांत विहीर उभी केली. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. दुसऱ्या व्याख्यानाच्या सकाळी तुम्ही उठलात तर घशातून आवाज नाही. धर्मशाळा भरलेली, आणि बरण्यांपाशी बोलायला उरले मीच. गावातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आज राहू द्या. सुनेला का सभेत उभी करणार आहात?" तुम्ही पाटी घेतलीत, लिहिलंत, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरलीत. "होय. मी ऐकायला बसतो."

मी उभी आहे. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. धिरड्यापासून सुरुवात करते आणि बायका हसतात, पण उठून जात नाहीत. भोकांच्या दगडाची बरणी उचलून त्याचं पुस्तकी नाव सांगते, तोच मागून एक म्हातारा विहीर खोदणारा उठतो. "बाई, त्याला आमी मांजऱ्या म्हंतो. जलम त्याच्यातच गेला आमचा." मला रडू येईल असं वाटलं. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही दोन्ही हातांनी त्यांना पुढे बोलवत होतात. मग मी बरणी उचलायची आणि नाव त्यांनी सांगायचं. सभा पुढे सरकून बसली.

शेवटी एक शेतकरीण उठली. नवरा वारल्यापासून एकटीनं शेती बघणारी. "आमच्या हिरीला काळा कातळ लागलाय. माणसं म्हंत्यात, बुजवून टाक. काय करू?" तिची जमीन दरडीच्या माथ्यालाच होती, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. पण तुमच्या शिवाराखाली नदीच्या कडेला तोच कातळ दिसतो. त्याच्याखाली लाल मातीचा पट्टा आहे, त्याखाली मांजऱ्या, आणि तिथून ऐन उन्हाळ्यात पाणी पाझरतं. आम्ही पाहिलंय." म्हातारेबुवा दाढी खाजवत म्हणाले, "उद्या मीच बगून येतो. खरं आसंल तर मीच खनीन."

ते पाहून आले, आणि कामाला लागले. रोज संध्याकाळी तुम्ही मला विचारायचात, "काही निरोप?" आणि मी मान हलवून चुलीत लाकूड सारायचे. मग एका सकाळी ती बाई अंगणात उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं माखलेलं, हातात ओला, भोकाभोकांचा दगड, त्याला हळदकुंकू लावलेलं. "लागलं, बाई! लई लागलं! म्हातारा पान्यात हुबा ऱ्हाऊन नाचतोय! ह्यो दगुड तुमच्या बरनीत ठिवा." सासूबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं. तुम्ही उपरण्यानं डोळे पुसत होतात आणि मी, लाज सोडून, अंगणात उड्या मारत होते.

त्यानंतर त्या बरण्या बैलगाडीनं राहात्याला गेल्या, कोपरगावला गेल्या. दगडमास्तर म्हणणारे लोक आता रस्त्यात थांबून खडे दाखवायचे. दर वेळी बोलायची वेळ आली की तुम्ही घशाला हात लावून मान हलवायचात, आणि मी उभी राहायचे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. त्या व्याख्यानांच्या दिवशी पहाटे तुम्ही अंघोळ करताना खणखणीत आवाजात स्तोत्र म्हणत असायचात. चुलीपाशी मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. मी कधी विचारलं नाही, मामंजी, कारण मलाच बोलायचं होतं.