आठ नंबरची जर्सी

किलब्रॅन,
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९५८

ती. मॅलकीदादास,
सा. न. वि. वि.

कॉनलच्या तोंडाची सूज उतरली का, की अजून कुस्करलेल्या बटाट्यावरच दिवस काढतोय? पोराचे समोरचे दोन दात गेले हे कळल्यापासून मला घास गोड लागत नाही. त्याला गोलात उभं राहायची हौस कुठून आली कोण जाणे. आपल्या घराण्यात तर कुणी कधी बॉलसमोर छाती काढलेली नाही, तू तर नाहीच.

आता मुद्द्याचं लिहिते. आपल्या दोन गावांच्या सामन्यातल्या त्या ठोशासाठी काल जिल्हा समितीने माझ्या फर्गलवर सहा महिन्यांची बंदी घातली. दोन मार्चला मेयो जिल्ह्याविरुद्ध गेलिक फुटबॉलच्या लीगचा सामना आहे आणि जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा लागलं होतं. आता ते काढलं. पोरगा सकाळी गोठ्यात जातो तो दुपारीच बाहेर येतो. मला म्हणतो, आई, मी कॉनलला हातसुद्धा लावला नाही. मग कुणी लावला, असं विचारलं की तोंड शिवल्यासारखा बसतो.

दादा, तो खोटं बोलणारा नाही. तू समितीच्या लोकांना ओळखतोस. ज्याच्या मुलाने मार खाल्ला त्याच बापाने एक शब्द टाकला, तर ते ऐकतील. ऊनावहिनीला नमस्कार. रागवायचं तर खुशाल रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
नॉरीन

ड्रमकीरा,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. सौ. नॉरीनस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. शब्द टाकायचं म्हणतेस, पण मी गोलाच्या मागेच उभा होतो. धुकं होतं, पाऊस होता, पण पाठीवरचा आठ नंबर दिसायला आणि ठोसा दिसायला तेवढा उजेड पुरेसा होता. बॉल कॉनलच्या हातातून सुटून केव्हाच लांब गेला होता. पंचांनी बोट दाखवून आठ नंबरला मैदानाबाहेर काढलं तेव्हा तो मान खाली घालून निमूट चालत गेला. निरपराध माणूस असा जातो का? आणि किलब्रॅनचा आठ नंबर म्हणजे तुझा फर्गल, हे तुमच्याच लोकांनी दिलेल्या यादीत लिहिलंय.

इथे डेअरीवर दुसरा विषयच नाही. निम्मे म्हणतात सहा महिने फार कमी झाले. उरलेले म्हणतात की ते सगळं खरं, पण मेयोविरुद्ध मधल्या फळीत उंच बॉल झेलणार कोण? लीगमध्ये दोन गुण मिळणार असतील तर आमचे लोक सैतानालाही जर्सी घालतील. मी मात्र ज्याला त्याला सांगतोय की माझ्या सख्ख्या भाच्याने माझ्या मुलाचे दात पाडले. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

कॉनलला विचारावं तर तो म्हणतो, बाबा, सोडून द्या. बंदी उठेपर्यंत फर्गलला इकडे पाठवू नकोस. तुझ्यावर माझा राग नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझा,
मॅलकी

किलब्रॅन,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग उठून धुणं काढलं. संघाच्या जर्सी धुवायची पाळी या महिन्यात माझी आहे आणि त्या भानगडीत गठ्ठा तसाच पडला होता. आठ नंबरची जर्सी उलगडली तर दोन्ही काखांत उसवलेली, खांद्यांवर ताणलेली. तूच सांग, माझ्या काठीसारख्या पोराच्या अंगात ती उसवेल कशी? त्याच्या अंगावर ती वाळत घातल्यासारखी लोंबते.

संघाचा कारभार नवऱ्याकडे, म्हणून पीडरला चहासुद्धा न देता समोर बसवलं. बायको नुसती बघत राहिली की हा माणूस फार वेळ टिकत नाही. म्हणाला, उत्तरार्धात फर्गलचा पाय मुरगळला, तो लंगडत बाहेर आला. आमच्याकडे जर्सी पंधराच, हे तुला ठाऊक आहे. आत जाणाऱ्याने नेहमीप्रमाणे फर्गलच्या अंगातली ओली जर्सी काढून स्वतःच्या अंगात घातली आणि धावला. पंच लांबच्या गावचे, त्यांना चेहरे ठाऊक नाहीत. धुक्यात बदलीची चिठ्ठी द्यायचीही राहिली. त्यांनी नंबर टिपला आणि यादीत नाव बघितलं.

आत गेलेला कोण, हे मात्र पीडर सांगेना. गावात कुणीच सांगेना. चुगलखोर म्हणवून घेण्यापेक्षा इथली माणसं फासावर जातील, आणि माझा मुलगा त्या सगळ्यांच्या पुढे. दादा, तू माझ्यावर विश्वास ठेव, एवढंच मागते.

तुझी,
नॉरीन

ड्रमकीरा,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चि. सौ. नॉरीनस,
अ. उ. आशीर्वाद.

आधी बसून घे. काल दुपारी तुमचे नवे धाकटे पाद्री, फादर युनन, सायकलवरून बारा मैल डोंगर चढून आमच्या दारात आले. धिप्पाड माणूस, दारातून वाकूनच आत आला. ऊनाला वाटलं कुणीतरी गेलं. ते म्हणाले, मॅलकी, तुमच्या मुलाला मी मारलं.

पाद्र्यांना खेळायची बंदी, म्हणून तुमच्या गावाने त्यांना शहरातल्या बँकेतला कुणी ‘जो वॉर्ड’ अशा खोट्या नावाने उतरवलं होतं म्हणे. बिशपांना कळलं तर त्यांची रवानगी कुठल्यातरी बेटावर होईल, म्हणून सगळं गाव गप्प. बुधवारी, ईस्टरआधीचे उपास सुरू होताना, कपाळाला राख लावून घ्यायला फर्गल त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि त्याने कपाळ पुढे केलं. त्या रात्री आपल्याला झोप आली नाही, असं म्हणाले. आज ते समितीकडे आणि तिथून थेट बिशपांकडे जाताहेत.

कॉनलला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. पाद्र्याचं नाव कसं सांगू, म्हणाला. शिवाय त्या ठोशाआधी आपण फादरांना काय म्हणालो होतो तेही सांगावं लागलं असतं. ते काय होतं हे त्याने आईसमोर सांगायला नकार दिला.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, नॉरीन. फर्गलला काय लिहू ते सुचत नाही.

तुझा,
मॅलकी

किलब्रॅन,
बुधवार, २६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बंदी उठली. समितीने फर्गलचं नाव संघात परत घातलं, वर किलब्रॅनला चिठ्ठी न दिल्याचा दंड केला. तो पीडरने तक्रार न करता भरायचं कबूल केलं, यावरून आमच्या घरातला आनंद ओळख. फर्गल काल चार अंडी खाऊन पाचवं मागत होता. पाय बरा आहे.

बिशपांनी फादरांना तासभर उभं करून झापलं, ईस्टरपर्यंत एक वेळ जेवायला सांगितलं आणि इथेच ठेवलं. निघताना दारात हळूच विचारलं म्हणे, तो बॉल शेवटी गोलात गेला का. गेला नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटलं.

रविवारी सामन्याला तू येशील ना? मी पत्रात विनवणी करणार नाही. फक्त सांगते की मी वाट बघेन.

तुझी,
नॉरीन

ड्रमकीरा,
सोमवार, ३ मार्च

चि. सौ. नॉरीनस,
अ. उ. आशीर्वाद.

आलो होतो. तुम्ही पलीकडच्या कठड्यापाशी होता, गर्दीतून वाट काढता येईना, आणि नंतर आमची बस सुटत होती. एका गुणाने हरलो याचं दुःख मला आज होत नाही. पहिल्या पाच मिनिटांत तुझ्या पोराने दोघा मेयोवाल्यांच्या डोक्यावरून जो बॉल झेलला, तेव्हा माझ्या शेजारी कॉनल दात नसलेल्या तोंडाने इतका ओरडला की पुढच्या माणसाच्या टोपीवर थुंकी उडाली.

त्या टोपीवाल्याने वळून मला विचारलं, याच पोराने ड्रमकीराच्या गोलरक्षकाचे दात पाडले ना, सगळीकडे बोललं जातंय. मी म्हटलं, हे सगळीकडे सांगत फिरणारा माणूस मीच आहे, आणि ते खोटं होतं. मग मी फर्गलकडे बोट दाखवून सांगितलं की तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे. हे वाक्य मी सामना संपेपर्यंत किती जणांना ऐकवलं ते कॉनलला विचार, तो अजून हसतोय.

येत्या रविवारी तुम्ही तिघं आमच्याकडे जेवायला या. फर्गलला सांग, मामा दारातच उभा असेल.

तुझा,
मॅलकी