अंगणातली खाट

सोनालीचे बाबा,

तुम्ही बगीच्यात गेले होते, बस सुटली असती, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली. सोनालीच्या पोराले ताप आहे. बोरगावले जातो, रात्रीच्या शेवटच्या बसनं वापस येईन.

वरण-भात झाकून ठेवला आहे. ठेचा मुद्दाम केला नाही. तिखटानं अन् गरम चहानं तुमची आग अजून भडकते, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

हो, तुम्ही काल औषधं घ्यायला गेले तेव्हा मी विचारलं. "ह्यांचं अंग एकाएकी पेटते, बनियन घामानं भिजते, मग थंडी वाजते. ताप आहे काय?" त्या म्हणाल्या, "ताप नाही. प्रोस्टेटच्या इंजेक्शनानं पुरुषाचे हार्मोन कमी होतात, त्यानं होते. बाईची पाळी जाते तेव्हा होते ना, तसंच."

मले हसू आलं अन् रडूही. माझी पाळी गेली तेव्हा भर थंडीत तुम्हीच पंखा लावून द्यायचे अन् स्वतः घोंगडी पांघरून बसायचे. मी कधी दूर झोपली काय?

दिवाळीपासून तुम्ही बाहेर झोपून राहिले. "तुझी झोप मोडते" म्हणता. पण झोप तर तुमच्या घोरण्याबिगर लागत नाही. हात बाजूले जाते अन् गादी थंडगार लागते.

तुमची अंगणातली खाट मी शेजारच्या कलाबाईले देऊन टाकली, त्यांच्याकडं पाहुणे आहेत. आता घरात एकच पलंग आहे. भिंतीकडची बाजू तुमची. मी येईपर्यंत जागे राहजा.

चंद्रकला