पान अंबाडीचं नव्हतं

नागाव, मंगळवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज सासूबाईंना खरं सांगावं लागलं. भाच्यानं त्यांच्या गुडघ्यांसाठी हेम्पचं तेल पाठवलं होतं. मी शब्दकोशात पाहिलं तर अर्थ 'अंबाडी'. बाटलीवरचं पानही तसंच, बोटं पसरल्यासारखं. त्यांना अंबाडीचं तेल म्हणून सांगितलं आणि चार दिवस चोळलं. मी म्हणे शिक्षिका.

आज अलिबागला डॉक्टरांना बाटली दाखवली. ते हसले. म्हणाले, पान भांगेच्या झाडाचं आहे, पण तेल बियांचं, त्यात नशा नाही. दुखण्यावर लोक ज्या सीबीडीचं नाव घेतात, तेही यात नसल्यासारखंच. ते फुलापानांतून काढतात. त्यानंही झिंग येत नाही, पण रक्त पातळ करायच्या गोळ्यांशी ते भांडू शकतं. सासूबाईंना त्याच गोळ्या चालू आहेत.

एकाच झाडात इतकं सगळं कसं मावतं?

घरी येऊन भीतभीतच सांगितलं. एकादशी न चुकवणारी बाई, आता काय बोलतील? त्या खिडकीतून वाडीकडे बघत राहिल्या.

"माडी निघते फुलोऱ्याची पोय छेदून, तेल निघतं नारळातून. माड एकच ना? खोबरेल लावून कोण झिंगलंय?"

वीस वर्षं हेच माड बघतेय, मला कसं सुचलं नाही?

मग बाटलीवरचं पान त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"अंबाडीची भाजी आणायला मात्र यापुढं तू जाऊ नकोस."