एकट्यांची रांग

६ ऑक्टोबर, सोमवार

कालचा रविवारही गेला! चिरंजीव म्हणाले, "आई, आज नको गं, ऑफिसचं काम आलंय. पुढच्या रविवारी नक्की." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? मी इथे राहायला आले तेव्हा हौसेने वर्षाचे पास काढलेत त्याने – शहरातल्या चारही थीम पार्कचे, घरातल्या तिघांना. माझ्या पासवरच्या फोटोत मी अट्टल चोर दिसते. पण पास कोराच.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे आहे. "महिनाअखेर काय ते सांग. परत येतेस की तिथेच राहतेस? राहणार असशील तर भाडेकरू बघते, नुसतं बंद ठेवून वाळवी लागायची."

सांगते म्हटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

गेले! एकटी! बसने!

चिरंजीव आणि सूनबाई कामावर गेल्यावर डबा भरला आणि दार ओढून घेतलं. गाडीशिवाय या शहरात माणूस लुळा, असं चिरंजीव म्हणतात. खोटं नाही. रस्ता नदीएवढा रुंद आणि कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. थांबा म्हणजे उन्हात रोवलेला एक खांब. त्याला टेकून उभी राहिले, बस काही येईना. मग दोन बस बदलल्या. शेवटी आत मी आणि ड्रायव्हर एवढेच उरलो. "तिथं कामाला का?" त्याने विचारलं. "नाही हो, खेळायला." आरशातून बघतच राहिला.

उतरले तर समोर गाड्यांचं मैदान, संपता संपेना. फाटकावरच्या बाईने विचारलं, "गाडी कुठंय?"

"नाहीये."

"मग आलात कशा?"

"पायांनी!"

तिच्याकडे गाडीचा नंबर टाकायची सोय होती, माणसाची नव्हती. सोडलं बिचारीने.

आतल्या दारावर पास टेकवला. टिंग वाजलं, आत गेले – आणि काय करायचं तेच कळेना. जो तो चार-पाच जणांच्या घोळक्यात. एका बाकावर बसून डबा खाल्ला आणि परत आले. संध्याकाळी सूनबाईने विचारलं, "दिवस कसा गेला, आई?" म्हटलं, "गेला." खरं सांगायची सोय नाही. चिरंजीवांना कळलं तर घर डोक्यावर घेतील.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शोध लागला! पाण्यात कोसळणाऱ्या बोटीपाशी दोन रांगा असतात. लांबलचक ती कुटुंबांची. आखूड ती एकट्यांची. बोटीत एखादी जागा उरली की शिट्टीवाली बाई ओरडते, "एकटं कोण आहे?" मग त्या जागेत एकटा माणूस भरतात. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे काढली मी, रांगा काय कमी बघितल्या? पण एकटेपणाचा फायदा देणारी रांग पहिल्यांदाच बघितली.

हात वर केला. एक बाप आणि त्याच्या दोन मुलींच्या शेजारी बसवलं. बोट वरून सुटली तशी मी जी किंचाळले! चिंब झाले. बाहेर पडताना प्रत्येक बोटीचा फोटो दाखवतात. आ वासलेले ते तिघं आणि कडेला मी. बापाने विचारलं, "या कोण गं?" धाकटी म्हणाली, "काय माहीत. होत्या."

घरी येऊन ते आठवून एकटीच हसले. हसता हसता रडू आलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दाराशेजारच्या खुंटीवर नवी टोपी, चांगली रुंद काठाची. सूनबाईची असेल. घालून गेले आणि गुपचूप जागेवर ठेवली.

१९ ऑक्टोबर, रविवार

चिरंजीव जेवले आणि झोपले. पुढच्या रविवारी नक्की.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पर्स चाचपता चाचपता सूनबाई म्हणाली, "आज बसवाल्यांचा संप आहे म्हणे." कुणाला म्हणाली? भिंतीला? हिला बसशी काय देणंघेणं, जन्मात बसली नसेल! पण बरं झालं, नाहीतर खांबाला टेकून वाळले असते.

संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी बूट. नवे, मऊ, अगदी मापाचे. "ऑफिसशेजारी सेल होता." शिवाय, "पाय दुखतात का हो, आई?" म्हणजे मी लंगडते हे दिसतंय. म्हातारी झालात, हे सभ्यपणे सांगायची पद्धत!

वाईट नाही ती. पण आमच्यात बोलणं असं नाहीच. "जेवलात?" "जेवले." "दिवा घालवू?" "घालव." झालं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा ऑफिसचं काम! सूनबाई तयार होऊन बसली होती. आत गेली आणि घरचे कपडे घालून आली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

चारही पार्क झाले. किती लोकांच्या फोटोत असेन मी! कुठल्या कुठल्या घरांत भिंतीवर लटकत असेन आणि पाहुणे विचारत असतील, या कोण? काय माहीत, होत्या. इथे तरी वेगळं काय आहे? सगळे चांगलं वागतात. उरलेल्या जागेत नीट बसवलंय मला.

रात्री धाकट्या बहिणीला फोन केला. "किल्ली जपून ठेव. येते मी." तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे दोनदा ओरडून सांगावं लागलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

केस अजून ओले आहेत, पण लिहिते.

दिवसभर पार्कात हिंडले आणि शेवटचं म्हणून बोटीपाशी गेले. एकट्यांच्या रांगेत उभी. शिट्टीवाली ओरडली, "एकटं कोण आहे? दोन जागा आहेत!" मी हात वर केला. मागूनही कुणीतरी केला. बसलो, दांडा खाली आला, शेजारी बघते तर – सूनबाई! ऑफिसच्या कपड्यांत, घामाघूम.

"तू? इथे कशी?"

"तुमचा पास दारावर लागला की मला मेसेज येतो, आई. हौस ह्यांची, पण पास मीच काढलेत ना, माझ्या नंबरवर."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून...?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नव्हतंत. म्हटलं, त्यांचं त्यांच्यापाशी असू दे. ह्यांनाही नाही सांगितलं."

टोपी. बूट. संप. माझ्याशीच बोलत होती ती, आणि मला वाटलं भिंतीशी!

बोट वर चढत होती. म्हटलं, "मग आजच का आलीस?"

"परवा रात्री मावशींशी बोलत होतात, ते ऐकलं." समोर बघतच म्हणाली, "रविवारची वाट मीपण बघते, आई. लग्न झाल्यापासून."

मी काही बोलणार तेवढ्यात बोट सुटली.

बाहेर आल्यावर दोघी निथळत होतो. "गाडी कुठे लावलीस?" विचारलं, तर म्हणाली बसने आले. तुम्ही कशा येता ते बघायचं होतं म्हणे. आधी भलत्याच बसमध्ये चढली, शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचली, मग रडकुंडीला येऊन परत फिरली. घरी मी आणली तिला.

फोटो घेतला. तिचे डोळे मिटलेत, माझं तोंड उघडं आहे. फ्रिजवर लावलाय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकटीला फोन केला. म्हटलं, भाडेकरू बघ. सूनबाईला अजून बस कळत नाहीत.